आरन बेटांवर बी अँड बीचा मुक्काम: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर तीन बेटं आहेत: इनिश मोर, इनिश मान आणि इनिश ईर. तिन्ही मिळून आरन बेटं. डब्लिन-गॉलवेकडची मराठी मंडळी भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन तिकडे जातात, आणि त्याच त्याच चुका पुन्हा होताना दिसतात. बोट एका बंदरातून, गाडी दुसऱ्याच बंदरात. शाकाहारी माणसाच्या ताटात बेकन. संध्याकाळी साडेनऊला जेवण शोधत वणवण. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री बेटावर अडकून पडणं. जवळजवळ सगळ्यांचं मूळ एकच: बी अँड बीला, म्हणजे झोपायला खोली आणि सकाळची न्याहारी देणाऱ्या घराला, हॉटेल समजून केलेलं नियोजन. हे कुणाचं तरी राहतं घर आहे, आणि तिथे पोचायचा रस्ता बोटीच्या वेळापत्रकातून जातो. खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. क्रम उलटा झाला की पैसे जातात.

## १. आधी बेट ठरवा, मग घर

इनिश मोर सर्वांत मोठं. किलरोनन या गावात सुपरमार्केट, एटीएम, सायकली, मिनीबस, खाण्याचे बरेच पर्याय आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्यांना, लहान मुलं असलेल्यांना हेच सोपं.

इनिश ईर सर्वांत लहान, तीनशेच्या आसपास वस्ती. धक्क्यापासून बहुतेक घरं चालण्याच्या अंतरावर, जवळच वाळूचा किनारा. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांसाठी मी हे सुचवेन. सगळं हाताशी असतं, आणि दोन-तीन पबमध्ये जेवण मिळतं.

इनिश मान सर्वांत शांत, वस्ती दोनशेहूनही कमी. एक दुकान, एक पब. शांतता हवी असेल तरच जा. आणि गेलात तर जेवणाची सोय आधी करूनच.

सावध: नावं सारखी वाटतात, आणि इंग्रजी व आयरिश स्पेलिंग वेगवेगळी असतात. बुकिंगच्या साइटवर इनिश मोर समजून इनिश मानचं घर घेतलं, असं सहज होतं. नकाशावर घर नेमकं कोणत्या बेटावर दिसतंय ते बघा. बेटांवर घरांना नंबर क्वचितच असतात. पत्त्यासोबत येणारा एअरकोड, म्हणजे इथला पिनकोड, टाकलात की घर अचूक सापडतं.

## २. तारीख: व्हिसा, हंगाम आणि एक मोकळी रात्र

भारतातून येणाऱ्यांसाठी पहिली गोष्ट व्हिसाची. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसावर इथे येता येत नाही. ब्रिटनचा व्हिसा असला तरी त्यावर बीआयव्हीएस हा शेरा आहे का ते पाहा. तो असेल तर दोन्ही देशांत फिरता येतं, मात्र ज्या देशाने व्हिसा दिला त्या देशात आधी उतरावं लागतं. लंडनचा व्हिसा आहे, डब्लिनला सहज जाऊ, असं गृहीत धरून तिकिटं काढू नका.

आता हंगाम. बेटांवरची बरीच घरं ईस्टरपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंतच पाहुणे घेतात. डूलिन या बंदरातून सुटणारी बोटही हिवाळ्यात बंद असते. मे आणि सप्टेंबर मला सर्वांत बरे वाटतात. जून ते ऑगस्टमध्ये एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही: मुख्य भूमीवरची शाळकरी मुलं आयरिश भाषा शिकायला तीन-तीन आठवडे या बेटांवर येतात आणि इथल्या घरांमध्येच राहतात. एरवी पर्यटकांना मिळाल्या असत्या अशा कित्येक खोल्या तेव्हा भरलेल्या असतात. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी सुट्टी असते, तो शनिवार-रविवार तर टाळाच.

परतीचं विमान असेल तर बेटावरून निघणं आणि विमान यांच्यामध्ये गॉलवेत किंवा डब्लिनमध्ये एक पूर्ण रात्र ठेवा. खराब हवेत बोटी रद्द होतात, आणि त्या लहान बेटांच्या आधी रद्द होतात. सकाळची बोट पकडून संध्याकाळी डब्लिनहून उड्डाण हे कागदावर जमतं. प्रत्यक्षात त्यावर कुणाच्या परतीच्या प्रवासाचा भरवसा ठेवू नये.

## ३. खोली विचारा, पण लगेच पक्की करू नका

लहान घरं मोठ्या साइटवर नसतातही. फोन किंवा ईमेल हाच मार्ग. बेटांचा कोड ०९९. भारतातून फोन करताना सुरुवातीचं शून्य काढून ०० ३५३ ९९ आणि पुढचा नंबर लावा. वेळही जपून निवडा. सकाळी यजमान न्याहारीच्या गडबडीत असतात आणि नंतर खोल्या आवरतात. उन्हाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो, म्हणून भारतीय वेळेनुसार दुपारी साडेचार ते सात हा वेळ चांगला. ईमेलला उत्तर यायला एक-दोन दिवस लागले तर घाबरून दुसरीकडे बुकिंग करू नका.

विचारायचे प्रश्न:

- भाडं खोलीचं की माणशी? आयर्लंडमध्ये "पर पर्सन शेअरिंग" हा दर सर्रास सांगतात, म्हणजे दोघांच्या खोलीत माणशी इतके. ६० युरो ऐकून खूश झालात तर बिल १२० चं येईल. एकट्याने खोली घेतली तर वर जादा आकार असतो.
- बाथरूम खोलीला जोडून आहे का?
- खोली वरच्या मजल्यावर आहे का? जुन्या घरांचे जिने अरुंद आणि उभे असतात.
- धक्क्यावर घ्यायला येता का?
- कार्ड चालतं की रोख?
- हवेमुळे बोटच सुटली नाही तर पैशांचं काय?

शेवटचा प्रश्न लाजून टाळू नका. बेटावरच्या माणसांना तो रोजचाच आहे.

खोली आहे असं कळलं की म्हणा, "बोट बघून तासाभरात पक्कं करतो." आणि खरोखर तासाभरात करा.

## ४. बोट: सर्वांत जास्त चुका इथे

बेटांवर जायची दोन मुख्य बंदरं. रॉसाव्हील हे गॉलवे शहरापासून पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर, बोटी वर्षभर. डूलिन हे क्लेअर परगण्यात, मोहेरच्या कड्यांजवळ, बोटी साधारण मार्च-एप्रिल ते ऑक्टोबर. रॉसाव्हीलहून इनिश मोरला साधारण ४० मिनिटं, लहान बेटांना त्याहून थोडी जास्त. डूलिनहून इनिश ईर सर्वांत जवळ, वेगवान बोटीने पाव तास.

ही दोन बंदरं गॉलवेच्या उपसागराच्या दोन बाजूंना आहेत. रस्त्याने एकाकडून दुसरीकडे जायचं तर सगळ्या उपसागराला वळसा घालून दोन तास सहज जातात. शिवाय दोन्हीकडच्या कंपन्या वेगळ्या, एकीचं तिकीट दुसरीच्या बोटीत चालत नाही. त्यामुळे ज्या बंदरात गाडी लावली त्याच बंदराचं परतीचं तिकीट हवं. कड्यांचं दर्शन करून डूलिनहून बेटावर, आणि गॉलवेत मुक्काम म्हणून परत रॉसाव्हीलला, हा बेत बसने फिरणाऱ्यांना छान आहे. स्वतःची गाडी असेल तर तो करूच नका. गाडी बोटीत नेता येत नाही, या बोटी फक्त माणसांच्या आहेत.

रॉसाव्हीलहून लहान बेटांना दिवसात बहुधा दोनच फेऱ्या असतात, एक सकाळची, एक संध्याकाळची. हंगामानुसार वेळा बदलतात, म्हणून तुमच्या तारखेचंच वेळापत्रक उघडा. गॉलवे शहरातून बंदरापर्यंत कंपनीची बस असते, तिचं तिकीट बोटीसोबतच काढायचं. बस बोटीच्या बऱ्याच आधी सुटते. तिकिटावर बोटीची वेळ ठळक असते म्हणून लोक तीच डोक्यात ठेवतात आणि बस चुकवतात. फोनमध्ये गजर बसच्या वेळेचा लावा.

तपासा, मगच पैसे भरा: बेटाचं नाव, जाण्याची आणि येण्याची तारीख, दोन्ही वेळचं बंदर, बसचं तिकीट. चारही बरोबर असतील तर आधी खोली पक्की करा आणि लगेच पाठोपाठ बोटीचं तिकीट काढा.

## ५. यजमानांना एक निरोप, त्यात सगळं

बुकिंग झालं की एकच नीटसा ईमेल पाठवा: कोणत्या बोटीने येतोय, किती माणसं, वयं, आणि खाण्याचं पथ्य. पथ्य लिहिताना "व्हेजिटेरियन" एवढा शब्द पुरत नाही, काही जण त्यात मासे धरत नाहीत तर काही जण धरतात. पदार्थ मोजून लिहा: मांस नाही, मासे नाहीत, अंडं चालतं किंवा चालत नाही, दूध-लोणी चालतं. बेकनच्या तव्यातच अंडी तळलेली नको असतील तर तेही लिहा, "वेगळ्या तव्यात करता येईल का?" असं विचारून. जैन मंडळींनी अंड्याचं आवर्जून सांगावं.

हे सगळं आधी सांगायचं कारण साधं आहे. बेटावरचा किराणा बोटीने येतो. सकाळी टेबलावर बसून सांगितलंत तर यजमानांच्या हातात काही उरत नाही.

## ६. मुख्य भूमीवरच उरकायची कामं

रोख युरो काढून ठेवा. लहान दोन बेटांवर एटीएम मिळेल असं धरून चालू नका. औषधं पूर्ण दिवसांची आणि वर दोन दिवसांची जास्त. लहान बेटांवर परिचारिका असते, औषधांचं दुकान नसतं. तातडीच्या मदतीचा नंबर ११२.

भारतातला प्लग इथे बसत नाही. ब्रिटनसारखे चौकोनी तीन पिनांचे सॉकेट असतात. बाथरूममध्ये दाढीच्या यंत्रापलीकडे काही लावता येत नाही, केस वाळवायचं यंत्र खोलीतच वापरायचं.

सामान लहान बॅगेत. धक्क्यावर बॅगा हातोहात बोटीवर चढवतात, पुढे खडबडीत रस्ता. पावसाचं जाकीट हवं, छत्री नको, तिथल्या वाऱ्यात ती टिकत नाही. एक छोटा टॉर्च. आणि एक रिकामी बाटली: तांब्या किंवा मग बाथरूममध्ये मिळणार नाही.

यजमानांसाठी भारतातून पेढे, बर्फी किंवा तूप आणायचा विचार असेल तर थांबा. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे, विमानतळावर जप्त होतात. चिवडा आणा, आणि त्यात शेंगदाणे आहेत हे देताना सांगा. इथे शेंगदाण्याची ॲलर्जी लोक फार गांभीर्याने घेतात.

## ७. निघायचा दिवस

आदल्या रात्री आयरिश हवामान खात्याचा, म्हणजे मेट एरनचा इशारा आणि बोट कंपनीचा संदेश दोन्ही बघा. पिवळा इशारा असला तरी बोट सुटू शकते आणि इशारा नसतानाही लाटांमुळे रद्द होऊ शकते. शंका असेल तर यजमानांना फोन करा. खिडकीतून समुद्राकडे बघून ते जे सांगतील ते अंदाजापेक्षा खरं निघतं.

बोट लागण्याचा त्रास असेल तर गोळी निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची, लाटा सुरू झाल्यावर नाही. पोट रिकामं ठेवू नका, तुडुंब भरूही नका. बोटीच्या मागच्या भागात बसा, नजर क्षितिजावर, मोबाइल खिशात.

रॉसाव्हीलला इनिश मोरची बोट वेगळी आणि दोन लहान बेटांची वेगळी. दोन्ही शेजारी उभ्या असतात. चढताना बेटाचं नाव तोंडाने विचारा. आणि लहान बेटांच्या बोटीत बसलात तरी ती दोन्हीकडे थांबते, पहिल्याच धक्क्यावर सगळे उतरले म्हणून मागोमाग उतरू नका.

लक्षात ठेवा: या भागात पाट्या आयरिशमध्ये असतात. स्वच्छतागृहावर "फिर" म्हणजे पुरुष. इंग्रजी एम अक्षराने सुरू होणारी पाटी बायकांची, पुरुषांनी तिथे शिरू नये.

## ८. घरात शिरल्यावर

घर बहुधा घरची बाई चालवते. तिला पहिल्या नावानेच हाक मारायची, वय कितीही असो. आपल्याला संकोच वाटतो, पण इथे त्यात अनादर नाही, उलट "मॅडम" म्हणालात तर अंतर पडतं. ओले बूट दारातल्या पोर्चमध्ये काढा. आल्याआल्या चहा विचारला जातो. हो म्हणा आणि बसा, कारण घराचे नियम, उद्याची हवा, कोणता पब आज जेवण देतोय, हे सगळं त्या दहा मिनिटांत कळतं. बॅग टाकून लगेच फिरायला पळणारे हीच माहिती घालवतात.

आंघोळीचं नीट समजून घ्या, इथे हमखास घोळ होतो. बऱ्याच घरांत विजेवर चालणारा शॉवर असतो. त्याची वीज छतातून लोंबणाऱ्या दोरीने किंवा बाथरूमबाहेरच्या बटणाने सुरू होते. दोरी ओढली की वर छोटा लाल दिवा लागतो. दिवा नाही तर गरम पाणी नाही. मग शॉवरचं बटण दाबा आणि थोडं थांबा. झाल्यावर दोरी पुन्हा ओढून दिवा घालवा.

पाणी जपून. सगळीकडे हिरवं दिसतं आणि पाऊस पडतो म्हणून वाटत नाही, पण बेटं चुनखडीच्या खडकाची आहेत, त्यावर पाणी थांबत नाही. कोरड्या उन्हाळ्यात इथे टंचाई होते आणि पुरवठ्यावर मर्यादा येतात. शॉवर चार-पाच मिनिटांत उरका. शौचालयात कागदाखेरीज काही टाकू नका, ओले वाइप्स तर मुळीच नाहीत.

ओले कपडे रेडिएटरवर किंवा खुर्चीवर पसरू नका. यजमानांना विचारा, "हॉट प्रेस" वापरता येईल का? गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं ते कपाट, त्यात सकाळपर्यंत कपडे खडखडीत वाळतात.

सावध: खोलीतली किटली पाण्यासाठीच. तयार उपमा-पोह्यांच्या पाकिटात गरम पाणी ओतून खाल्लं तर कुणाची हरकत नसते. किटलीत दूध किंवा नूडल्स उकळणं, खोलीत फोडणी देणं किंवा राइस कुकर लावणं हे मात्र अजिबात नाही. धुराचा गजर वाजतो आणि गालिच्यातला वास महिनाभर जात नाही.

## ९. न्याहारी

आदल्या रात्रीच वेळ विचारतील, बहुधा आठ ते साडेनऊच्या दरम्यानची. सांगितलेल्या वेळेला टेबलावर हजर राहा. सगळं त्या वेळेला ताजं तळून येतं, हॉटेलसारखा बुफे नसतो.

पूर्ण आयरिश न्याहारीत बेकनच्या पट्ट्या, सॉसेज, अंडी, टोमॅटो, मशरूम, कधी बीन्स, आणि काळ्या-पांढऱ्या गोल चकत्या असतात. या चकत्यांना पुडिंग म्हणतात. नावावरून गोड वाटतं, पण काळ्यात डुकराचं रक्त आणि ओट्स असतात, पांढऱ्यात रक्त नाही पण डुकराचं मांसच. शाकाहारी माणसाने शेजारच्याच्या ताटातली "ती केकसारखी चकती" उचलू नये.

शाकाहाऱ्याला उरतं तेही भरपूर: ओटची लापशी, अंडी, टोमॅटो, मशरूम, बीन्स, आणि तपकिरी सोडा ब्रेड. हा ब्रेड यीस्टने नाही, ताकाने आणि खायच्या सोड्याने फुलतो. बहुतेक घरांत तो घरचा असतो, कधी सकाळीच भाजलेला. कोमट चकतीवर खारं लोणी लावून खा. ताटात नको ते असेल तर न टाकता आधीच "एवढं नको" म्हणा, अर्धं ताट सांगितलेलं यजमानांना आवडतं.

सकाळची पहिली बोट पकडायची असेल तर गरम न्याहारी जमणार नाही. आदल्या संध्याकाळी सांगा, बहुधा ब्रेड, फळ, सीरियल काढून ठेवतात.

## १०. रात्रीचं जेवण

इथे आपली सवय आड येते. कोकणातल्या घरगुती मुक्कामाला फोन करून "सहा जण येतोय, रात्री जेवायला" म्हटलं की चूल पेटते. आयरिश बी अँड बीत दर फक्त झोपायचा आणि न्याहारीचा असतो. जेवण पबमध्ये, आणि पबचं स्वयंपाकघर संध्याकाळी आठ-नऊला बंद होतं, दारू-संगीत मात्र मध्यरात्रीपर्यंत चालतं. जूनमध्ये दहा वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळे वेळेचं भान सुटतं आणि लोक साडेनऊला भुकेले पोचतात. जेवण सात वाजता. टेबल दुपारीच सांगून ठेवा. हंगामाच्या सुरुवातीला-शेवटाला आज कुठे चूल चालू आहे हे यजमानांना विचारूनच निघा. इनिश मानला एकच पब आहे, तिथे जेवण मिळणार नसेल तर यजमान काही करतील का हे बुकिंगच्या वेळीच ठरलेलं हवं.

परतताना रस्त्यावर दिवे नसतात, टॉर्च तेव्हा लागतो. किल्लीचं आधी विचारा. काही घरं दार लावतच नाहीत.

दिवसा फिरताना एवढंच पाळा: शेतांच्या दगडी भिंती चुन्या-सिमेंटाशिवाय नुसत्या रचलेल्या आहेत, त्यांवर चढू नका, फोटोसाठीही नाही. फाटक उघडलं तर बंद करा, आत गुरं असतात. इनिश मोरला दून अंगस या प्राचीन दगडी किल्ल्याच्या कड्याला कठडा नाही. खाली जवळजवळ शंभर मीटर सरळ समुद्र आहे. मुलांचा हात धरा आणि कडेपासून मागे राहा.

## ११. बोट रद्द झाली तर

आधी यजमानांना सांगा, मग कंपनीला फोन करा. तुमचीच खोली आणखी एक रात्र मिळेल का हे लगेच विचारा, कारण अडकलेले सगळे तेच विचारणार आहेत. त्या रात्रीचे पैसे द्यायचे, त्यावर घासाघीस करू नये. मग पुढच्या बोटीवर नाव नोंदवा, आणि दुसऱ्या बेटावर जाऊन तिथून बोट पकडू असले शॉर्टकट यजमानांना विचारल्याशिवाय करू नका.

## १२. निघताना

हिशेब आदल्या रात्री रोख देऊन मोकळे व्हा. बक्षिसी अपेक्षित नसते. पाहुण्यांच्या वहीत मराठीत दोन ओळी लिहिल्यात तर यजमानांना मनापासून आनंद होतो, ते स्वतः दुसरी भाषा जपणारे लोक आहेत. खोली दहा-अकराला सोडायची आणि बोट संध्याकाळची असेल तर बॅगा पोर्चमध्ये ठेवू देतात, विचारा. शॉवरची दोरी, चार्जर, प्लगचा अडॅप्टर बघा. अडॅप्टर सर्वांत जास्त विसरला जातो. बोटीच्या वीस मिनिटं आधी धक्क्यावर पोचा आणि फळीवर पाय ठेवण्याआधी खलाशाला विचारा: ही बोट रॉसाव्हीलची की डूलिनची?